आयर्लंडच्या खेड्यांतल्या ताकदीच्या आणि हुन्नराच्या गोष्टी: शोधायच्या कशा, वाचायच्या कशा, सांगायच्या कशा

आयरिश लोककथा म्हटलं की बहुतेकांना पऱ्या आठवतात, लेप्रेकॉन नावाचा बुटका जादूगार आठवतो, फार तर तो राक्षसाएवढा फिन मॅक्कूल. पण तिथल्या प्रत्येक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांत) अजून एक थर आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी आहे. गावातला अमुक माणूस जो वीस स्टोन (सव्वाशे किलोच्या वर) गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन माळ्यावर चढायचा, अमुक बाई जी लोण्याचं पिंप पाठीवर बांधून कॉर्कच्या बाजारात चालत जायची, तो गवत कापणारा ज्याच्या मागे राहायला कोणी तयार नसायचं, तो लोहार, तो नाच शिकवणारा मास्तर. या गोष्टी चार-पाच ओळींच्या असतात, कधी कधी तर दोनच ओळी, आणि त्यामुळे लोक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. तसं करू नका. ह्या वाचायची एक पद्धत आहे आणि ती एकदा जमली ना, की दोन ओळींतून अख्खा माणूस उभा राहतो. पद्धतीचं सार सांगायचं तर त्या माणसाची ताकद समजायची असेल तर आधी त्याचं काम समजून घ्या, कारण आयर्लंडच्या खेड्यात ताकद दाखवायला स्टेज नव्हतं, जे काय दाखवायचं ते शेतात, बाजारात, भट्टीवर आणि दफनभूमीच्या गेटापाशी.

सुरुवात कुठून करायची

सरळ दूखस डॉट आयई या साइटवर जा. फुकट आहे, इंग्रजी आणि आयरिश दोन्हीत चालते. तिथे स्कूल्स कलेक्शन नावाचा संग्रह आहे आणि तो कसा तयार झाला हे माहीत असणं गरजेचं आहे, नाहीतर तुम्ही त्याच्याकडून चुकीच्या अपेक्षा कराल. आयरिश फोकलोर कमिशन 1935 मध्ये सुरू झालं, शेमस ओ डिलर्गा त्याचे डायरेक्टर. 1937 ते 1939 या काळात त्यांनी प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गातल्या मुलांना, म्हणजे साधारण 11 ते 14 वयाच्या, कामाला लावलं. शॉन ओ सूलवॉन यांनी विषयांची पुस्तिका केली, 55 विषय, आणि मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून ते लिहून आणायचं. सुमारे 5,000 शाळा, सुमारे 7,40,000 पानं. त्यात मुलांच्या मूळ वह्याही आहेत आणि शाळेने निवडून मोठ्या वहीत उतरवलेलं साहित्यही. कमिशनचा सगळा संग्रह 2017 मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत गेला, आणि खरं सांगायचं तर तो मान त्या 12 वर्षांच्या पोरांच्या शाईने बरबटलेल्या बोटांचा पण आहे.

साइटवर टॉपिकने शोधता येतं, जागेने शोधता येतं, माणसाच्या नावाने शोधता येतं. टॉपिकमध्ये 'लोकल हीरोज' हा विषय घ्या, आपल्याला पाहिजे ते बहुतेक तिथेच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. 'द लोकल फोर्ज' म्हणजे गावची लोहारभट्टी, 'लोकल हॅपनिंग्ज', 'ओल्ड क्राफ्ट्स', 'लोकल फेअर्स' म्हणजे जत्रा-बाजार, यात पण पैलवान लपलेले असतात, कारण लिहिणाऱ्या पोराला कुठे माहीत की ही गोष्ट कोणत्या खान्यात टाकायची. शोधताना 'स्ट्राँग मॅन' हे शब्द टाका, मग मोअर (म्हणजे गवत कापणारा), वॉकर, स्विमर, वेट, अँव्हिल, बॅरल असे एकेक टाकून बघा. आयरिश भाषेतल्या नोंदी इंग्रजी शब्दांनी सापडणार नाहीत, आणि गॉलवे, केरी, डोनेगल, मेयोच्या किनाऱ्यावरच्या गावांत नेमक्या आयरिश नोंदीच जास्त, तिथे जागेच्या नावाने शिरा.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा संग्रह 26 काउंटींचा (काउंटी म्हणजे जिल्हा) आहे, उत्तरेकडच्या सहा काउंटी (अँट्रिम, डाऊन, अर्मा वगैरे) यात नाहीत, त्यामुळे तिथला पैलवान सापडला नाही म्हणजे तिथे नव्हताच असं समजू नका. आणि पूर्ण देश एकदम वाचायला घेऊ नका, एक पॅरिश निवडा, तिथल्या सगळ्या शाळा वाचा. एकाच माणसाची गोष्ट तीन शाळांत तीन तऱ्हेने सापडते तेव्हा जी मजा येते ती इकडून तिकडून वेचून वाचण्यात नाही.

मापं बदलून घेतल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण यातच सगळं आहे. आयर्लंडमध्ये जुनी आयरिश मापं वेगळी होती. 1824 च्या कायद्याने ब्रिटिश इम्पीरियल मापं लागू झाली तरी लोक खेड्यापाड्यात आपलीच मापं चालवत राहिले, विसावं शतक उजाडलं तरी म्हातारे आयरिश मैलातच बोलत. इंग्रजी मैल 1,760 यार्डांचा, आयरिश मैल 2,240 यार्डांचा, म्हणजे जवळजवळ 2.05 किलोमीटर. आता गोष्टीत लिहिलं असेल की अमुक माणूस 40 मैल चालून गेला आणि त्याच रात्री परत आला, तर ते 40 आयरिश मैल असतील तर एका बाजूचं अंतर झालं 82 किलोमीटर, इंग्रजी असतील तर 64. फरक केवढा बघा. कुठला मैल आहे हे कसं ओळखायचं? गोष्टीत दोन गावांची नावं असतात, नकाशावर मोजा. ज्या आकड्याशी जुळेल तो मैल.

एकराचं पण तसंच. आयरिश एकर म्हणजे 7,840 चौरस यार्ड, इंग्रजी एकर 4,840, म्हणजे आयरिश एकर जवळजवळ 1.62 पट मोठा. हातातल्या सायदने, म्हणजे लांब दांड्याच्या वाकड्या पात्याने, उभ्याउभ्या गवत कापणारा चांगला माणूस दिवसाला साधारण एक इंग्रजी एकर कापायचा. मग आजोबा सांगतात की आमच्या गावचा अमुक जण रोज एक आयरिश एकर कापायचा आणि संध्याकाळी नाचायला जायचा, तेव्हा त्या 'एक एकर' मध्ये दीडपटीहून जास्त काम लपलंय. मुलाने ते जसं ऐकलं तसं लिहिलं, समजावून सांगायची त्याला गरजच वाटली नाही कारण त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

वजनांसाठी एवढं पुरे: स्टोन म्हणजे 14 पौंड, सव्वासहा किलोच्या थोडं वर. हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड, पावणे एक्कावन्न किलो. त्याचं अर्धं 56 पौंड, आणि हे 56 पौंडांचं लोखंडी वजन आयरिश गोष्टींत सारखं सारखं येतं, कारण ते बाजारात, दुकानात मापाला ठेवलेलंच असायचं, त्यामुळे पोरांनी ते उचलायचं, फेकायचं, आडव्या दांडीवरून टाकायचं हे ओघानेच आलं. पुढे हाच प्रकार आयरिश अॅथलेटिक्समध्ये रीतसर खेळ झाला. धान्याचा बॅरल हा मापाचा शब्द आहे, लाकडी पिंप डोळ्यासमोर आणू नका. गव्हाचा बॅरल 20 स्टोन, जवाचा 16, ओटचा 14. म्हणजे गव्हाचा बॅरल 127 किलो! आणि ओटचा 89. गोष्टीत नुसतं 'बॅरल' लिहिलं असेल तर धान्य कुठलं ते शोधा, त्यावर पैलवानाची इज्जत ठरते.

काम कसं चालायचं ते बघा

आता मूळ मुद्दा. गवत कापण्याची गोष्ट घ्या. एका कुरणात सहा-सात जण तिरक्या रांगेत उभे राहतात, पुढचा कापत निघाला की त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून दुसरा, मग तिसरा. मागच्याचं पातं पुढच्याच्या टाचांकडे येत असतं. त्यामुळे पुढे कोण राहणार हा नुसता मानाचा प्रश्न नसतो, पुढचा हळू पडला तर मागचा त्याला पळवतो. हे कळलं की 'त्याच्यापुढे कोणी उभं राहायला धजत नसे' या वाक्याचा खरा अर्थ लागतो. आणि दुसरी गोष्ट, गवत कापण्यात निम्मं श्रेय धारेचं. पातं घासायला थांबलं की वेळ जातो, न घासता चालवलं की जोर दुप्पट लागतो. म्हणून या गोष्टींत ताकदीपेक्षा धार लावण्याचं कसब जास्त येतं आणि त्याभोवतीच जादू पण जमते: एक काळा लांबट किडा आहे, आयरिशमध्ये दारदील, तो दांड्यात कोंडून ठेवला की हाताला वेगळाच जोर येतो असं म्हणायचे. प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याच्या गवतात लोखंडी खिळे रोवून ठेवायचे म्हणजे त्याचं पातं बोथट होईल, आणि तरीही तो गडी खिळ्यांसकट कापत गेला, ही पण फिरती गोष्ट आहे.

लोण्याचं तसंच. कॉर्कचा बटर मार्केट 1770 पासून चालू होता, 1924 ला बंद पडला, एके काळी तिथून लोणी पार अमेरिका खंडापर्यंत जायचं. केरी आणि पश्चिम कॉर्कच्या डोंगरातून तिथे माल यायचा तो फर्किन नावाच्या लाकडी पिंपातून, एका फर्किनमध्ये 56 पौंड म्हणजे पंचवीस किलो लोणी. घोडा-गाडी असली तर ठीक, नसली तर पाठीवर. बायकांनी हे ओझं घेऊन डोंगर ओलांडल्याच्या गोष्टी आहेत आणि मला त्या कुठल्याही दगडफेकीपेक्षा मोठ्या वाटतात, पण 'हीरो' या शीर्षकाखाली त्या कमी मिळतात, कारण मुलांनी हीरो म्हणून पुरुषच लिहिले. बायकांची ताकद शोधायची तर बाजार, लोणी, दुष्काळ, पीट (दलदलीतून कापून काढलेली जळणाची माती) वाहून आणणं अशा विषयांत शोधा. हे मुद्दाम करा, नाहीतर अर्धी ताकद तुमच्या नजरेतून सुटेल.

पीट कापणाऱ्याचं हत्यार, बटाट्याचे वाफे काढणाऱ्याचा तो अरुंद लांब लॉय नावाचा फावडा, होडी वल्हवणाऱ्याची लाट, या प्रत्येकाचं असंच आहे. ज्या हत्याराचं नाव येईल त्याचा फोटो, जमलं तर चालवतानाचा व्हिडिओ बघूनच गोष्ट परत वाचा.

उडी खरी का खोटी

खरं-खोटं ठरवण्याची घाई करू नये हे मान्य, पण एक मोजपट्टी जवळ असली की गोष्ट कुठे जमिनीवर आहे आणि कुठे उडाली हे दिसतं. उडीसाठी माझी मोजपट्टी पीटर ओ'कॉनर. विकलोमध्ये वाढलेला हा माणूस, 1901 मध्ये डब्लिनला 24 फूट पावणेबारा इंच म्हणजे 7.61 मीटर लांब उडी मारली, तो जागतिक विक्रम वीस वर्षं टिकला आणि आयरिश विक्रम म्हणून तर 1990 पर्यंत. मग गोष्टीतला गडी सैनिकांपासून पळताना 20 फुटांचा ओढा ओलांडून गेला असेल तर ते शक्य आहे, जोरदार आहे पण शक्य आहे. 40 फूट असेल तर तुम्ही आता दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीत आलात. पश्चिम कॉर्कमधलं लीप हे गाव ओ'डोनोव्हन सरदाराच्या घळीवरच्या उडीवरून ओळखलं जातं. क्लेअरमधल्या लूप हेडला आयरिश पुराणातला वीर कू खुलिन म्हाताऱ्या चेटकिणीपासून पळताना समुद्रातल्या खडकावर उडी मारून गेला म्हणतात. कॉर्क-केरीच्या हद्दीवर प्रीस्ट्स लीप नावाची खिंड आहे, तिथून पाठलाग चुकवायला एका पाद्र्याने घोड्यासकट झेप घेतली ती थेट बँट्रीजवळ. तिन्ही उड्याच, पण पहिली माणसाच्या मापाची, दुसरी वीराच्या आणि तिसरी चमत्काराच्या. वाचताना वहीत तसं लिहून ठेवा, एकाच पोत्यात भरू नका.

फेकण्यासाठी मोजपट्ट्या तर आयर्लंडकडे भरपूर आहेत. लिमरिकचा जॉन फ्लॅनागन 1900, 1904 आणि 1908 अशा तीन ऑलिंपिकमध्ये हॅमर थ्रोचं सोनं अमेरिकेसाठी घेऊन गेला. टिपररीचा मॅट मॅकग्रा 1912 ला, लिमरिकचाच पॅट रायन 1920 ला, आणि मग कॉर्कचा डॉक्टर पॅट ओ'कॅलहन 1928 आणि 1932 ला, आता स्वतंत्र आयर्लंडसाठी. म्हणजे ज्या पट्ट्यातले म्हातारे हातोडा फेकणाऱ्यांच्या गोष्टी सांगत होते त्या पट्ट्याने खरोखरच जगाला हातोडा फेकून दाखवला. हे लक्षात ठेवून वाचलं की 'बढाया मारतायत' हा विचार जरा मागे सरकतो.

रस्त्यावरच्या गोळाफेकीचं, म्हणजे रोड बोलिंगचं, एक उदाहरण फार आवडीचं आहे. कॉर्क आणि अर्मामध्ये हा खेळ अजून जोरात चालतो, लोखंडी गोळा साधारण 28 औंसांचा, म्हणजे 800 ग्रॅमच्या आतबाहेर, कमीत कमी फेकीत ठरलेला रस्ता पार करायचा. कॉर्क शहराच्या दक्षिणेला चेटविंड नावाचा उंच रेल्वे पूल आहे, त्यावरून गोळा पलीकडे टाकायचा हा पिढ्यान्पिढ्यांचा हट्ट. 1955 मध्ये मिक बॅरी याने 16 औंसांचा गोळा टाकून दाखवला. इथे दंतकथा आणि नोंद दोन्ही हातात हात घालून आहेत, म्हणून नवीन माणसाने सरावाला हे उदाहरण घ्यावं: आधी गोष्टी वाचा, मग पुलाची उंची बघा, गोळ्याचं वजन बघा, आणि कोणत्या गोष्टीत वजन सांगायचं राहून गेलंय ते शोधा.

माणूस होऊन गेला का

नोंदीखाली बहुतेक वेळा सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि वय असतं. 1938 मध्ये सांगणारा 78 वर्षांचा असेल तर जन्म 1860 चा, त्याने स्वतः पाहिलेला पैलवान 1870-80 चा, बापाकडून ऐकलेला असेल तर 1845 च्या बटाट्याच्या दुष्काळाच्या आसपासचा. असा हिशोब प्रत्येक गोष्टीला लावा. मग 1901 आणि 1911 ची जनगणना बघा, नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट आहे. त्याआधीची शोधण्यात वेळ घालवू नका, काही सरकारनेच नष्ट केल्या, बाकीच्या बहुतेक 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेल्या. जुन्या माणसासाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, 1847 ते 1864, त्यात कोणाकडे कुठली जमीन होती ते आहे.

एक सापळा सांगून ठेवतो. वयावर फार विसंबू नका. सरकारी जन्मनोंदणी 1864 ला सुरू झाली, त्याआधीच्या लोकांना आपलं वय अंदाजाने माहीत, आणि 1909 पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन चालू झालं, त्यामुळे 1901 ला 56 चा असलेला माणूस 1911 ला 71 चा झालेला दिसतो. गोष्टीत 'नव्वदीत तो पोतं उचलायचा' असं असेल तर त्यातली पाच-दहा वर्षं पेन्शनची असू शकतात.

माणूस नाही सापडला तरी गोष्ट फेकू नका. उलट सापडला आणि त्याच्या नावावर जुनीच गोष्ट चिकटलेली निघाली तर ते जास्त भारी.

फिरत्या गोष्टी ओळखायच्या

काही गोष्टी गावोगाव फिरतात आणि जिथे दमदार माणूस दिसेल तिथे मुक्काम करतात. पाहुणा पैलवान शोधत येतो, शेतात नांगरणाऱ्याला पत्ता विचारतो, तो एका हाताने नांगर उचलून त्या नांगराने घर दाखवतो, पाहुणा तिथूनच परत. पऱ्यांच्या हर्लिंगच्या (काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या) मॅचची गोष्ट: पऱ्यांना खेळायचं असेल तर त्यांच्यात एक जिवंत माणूस लागतो, गावचा तगडा पोरगा रात्री रस्त्याने जाताना त्याला ओढून नेतात, तो त्यांना जिंकून देतो. फिनची गोष्ट तर जगजाहीर आहे, स्कॉटलंडचा राक्षस चालून येतो तेव्हा फिनची बायको त्याला बाळाचे कपडे घालून पाळण्यात निजवते, राक्षसाला तवा आत घालून भाजलेली भाकरी देते, राक्षस दात गमावतो आणि विचार करतो की बाळ असं तर बाप कसा असेल. ताकदीच्या गोष्टीत बायकोची अक्कल जिंकते, आणि हे आयरिश गोष्टींत वारंवार होतं, नजर ठेवा.

हुन्नराच्या बाजूला हीच जागा गोबॉन सेअरची. हा दंतकथेतला गवंडी-सुतार, जुने गोल मनोरे त्यानेच बांधले असं गावोगाव सांगतात. त्याच्या गोष्टी खूप आहेत पण एक तरी नीट शिकून घ्या. परदेशच्या राजाने त्याला आणि त्याच्या मुलाला महाल बांधायला बोलावलं. महाल झाला असा की राजाच्या मनात आलं, हा दुसऱ्या कोणाला यापेक्षा चांगला बांधून देईल, याला मारलेलं बरं. गोबॉनच्या कानावर हे गेलं. तो राजाला म्हणाला, काम जवळजवळ झालंय पण शेवटचा हात फिरवायला माझं एक हत्यार घरी राहिलंय, आणि हत्याराचं नाव सांगितलं ते असं काही, वाकड्याला वाकडं. मी स्वतः जाऊन आणतो. राजा कसला सोडतोय. मग म्हणाला, ठीक आहे, पण बायको ते तुमच्या राजपुत्राशिवाय कोणाच्या हातात देणार नाही. राजपुत्र गेला, हत्याराचं नाव सांगितलं, आणि ते नाव ऐकताच बायको काय ते समजली. म्हणाली, पेटीच्या तळाशी आहे, तुमचा हात लांब, तुम्हीच काढा. तो वाकला, तिने त्याला आत ढकलून झाकण लावलं आणि राजाला निरोप धाडला: माझा नवरा आणि मुलगा मजुरीसकट घरी पोचले की तुमचा मुलगा घरी पोचेल. ही गोष्ट कुठल्या खऱ्या गवंड्याच्या नावावर सापडली तर समजा की त्या गावाने त्याला सर्वात मोठा मान दिला.

उचलायचे दगड

याविषयी थोडं सविस्तर, कारण सध्या लोकांना यातच जास्त रस आहे आणि चुकाही यातच जास्त होतात. बऱ्याच गावांत एक ठराविक दगड असायचा, भट्टीपाशी, चौकात, दफनभूमीच्या बाहेर, आणि लोक जमले की त्याच्यावर जोर आजमावायचे, अंत्यविधीला जमलेले असले तरी. हे विचित्र वाटेल, पण आयरिश जागरणात, म्हणजे मयताच्या घरी रात्र काढताना, ताकदीचे खेळ असायचेच, दोघांनी समोरासमोर बसून पायाच्या तळव्याला तळवे लावून काठी ओढायची वगैरे. दगडाच्या पायऱ्या ठरलेल्या: जमिनीपासून सुटून खालून वारा गेला तरी मान, गुडघ्यापर्यंत आला तर वरचा मान, छातीपर्यंत आला की नाव निघालं.

ही परंपरा जवळजवळ विसरली गेली होती. वॉटरफोर्डच्या डेव्हिड कोहनने गेल्या काही वर्षांत जुन्या नोंदी वाचून आणि गावकऱ्यांना विचारून असे दगड परत शोधून काढले, अॅरन बेटांपैकी इनिशमोरवरचा ग्रॅनाइटचा दगड हा त्यातला गाजलेला. बेट सगळं चुनखडीचं, ग्रॅनाइट तिथे हिमनदीने आणून टाकलेला, त्यामुळे असा गुळगुळीत परका दगड लोकांच्या नजरेत भरणारच. शोधायचं कसं ते यातून शिका: नोंदीत दगड अमक्या क्रॉसरोडवर, तमक्याच्या भट्टीसमोर असं लिहिलेलं असतं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या 1829 ते 1842 च्या सहा-इंची नकाशांवर ती भट्टी बहुतेक दाखवलेली असते. जागेचं नाव लॉगअनिम या सरकारी नावांच्या साइटवर तपासा, कारण पोरांनी नावं कानाने लिहिलीत. मग त्या गावातल्या वयस्कर माणसाला विचारा.

आणि तिथे प्रत्यक्ष गेलात तर जमीनमालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही. दफनभूमीतला, जुन्या चर्चच्या आवारातला दगड उचलायचा नाही, तो संरक्षित स्मारकाचा भाग असू शकतो. वाटीसारखा खळगा असलेला बुलॉन दगड आणि शाप द्यायला फिरवायचे गोटे हे उचलायचे दगड नाहीत, त्यांना हात लावू नका, लोकांची श्रद्धा आहे त्यावर. दगड आपटून सोडायचा नाही, तो फुटला की शे-दीडशे वर्षांची गोष्ट फुटली. पाठीला सवय नसेल तर बघून या, फोटो काढा, तेही पुष्कळ आहे.

नुसत्या हुन्नराच्या गोष्टी

यांच्यावर लोक कमी बोलतात. फिरते नाच-मास्तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावोगाव जायचे, दार बिजागरीवरून काढून जमिनीवर टाकायचे आणि त्यावर नाचायचे, जितक्या कमी जागेत पाय तितका नाचणारा मोठा. कॉर्कचा सलिव्हन नावाचा एक जण बिथरलेल्या घोड्याबरोबर बंद तबेल्यात जायचा आणि घोडा शांत होऊन बाहेर यायचा, लोक म्हणत कानात काहीतरी पुटपुटतो, त्याने ते गुपित कोणाला दिलं नाही. लोहाराच्या हातात तर रोग बरा करणं आणि शाप देणं दोन्ही, भट्टीत लोखंड विझवायचं पाणी औषध म्हणून न्यायचे, आणि ऐरण उलटी फिरवून त्याने शाप दिला तर कोणी त्याच्या वाटेला जात नसे.

आणि गोष्ट सांगणं हाच केवढा पराक्रम होता. कॉनेमाराच्या कार्ना भागातला एमन अ बुर्क, अमेरिकेत पाय गमावून परत आलेला, शिंपीकाम करणारा. 1938 मध्ये त्याच्याकडून एकच गोष्ट रेकॉर्ड केली ती तीस हजारांहून जास्त शब्दांची निघाली. लिहिलेलं समोर काही नाही, सगळं डोक्यात. ताकदीच्या माणसांची यादी करत असाल तर याला वरच्या ओळीत घ्या.

सांगायची कशी

गोष्ट फुगवू नका. मूळ सांगणारा सपाट आवाजात सांगतो: नाव, गाव, काय उचललं, कुठून कुठे, कोणी पाहिलं, आणि संपलं. जोर त्या सपाटपणातच आहे. मराठीत सांगताना माप मूळचं ठेवा आणि लगेच किलो-किलोमीटरात सांगा, गोष्ट न थांबवता, म्हणजे 'वीस स्टोनचं पोतं, सव्वाशे किलोच्या वर, आणि जिना शिडीसारखा उभा'. हत्याराचं काम एका वाक्यात दाखवा. माणसाला देशी नाव देऊन इकडचा करू नका, तो रॉसकॉमनचा आहे तर रॉसकॉमनचाच राहू दे. दोन नोंदी जुळत नसतील तर दोन्ही सांगा, 'एका शाळेत असं लिहिलंय, शेजारच्या शाळेत तसं', ऐकणाऱ्याला हे आवडतं.

परवानगीचं म्हणाल तर साइटवरचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बिगर-व्यापारी परवान्याखाली आहे, नॅशनल फोकलोर कलेक्शन, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन यांचं नाव दिलंत की वापरता येतं, पैशासाठी वापरायचं असेल तर त्यांना विचारावं लागतं. व्हॉल्यूम नंबर, पान नंबर, शाळा आणि काउंटी एवढं प्रत्येक गोष्टीखाली लिहून ठेवा. आणि हस्ताक्षर वाचायची आवड असेल तर 'मेहल' नावाचा त्यांचा स्वयंसेवी उपक्रम बघा, त्यात लोकांनी जगात कुठेही बसून वह्यांची पानं टाइप करून दिली आहेत, अजून पानं शिल्लक आहेत का ते साइटवर तपासा.